पाली शिकून पोट भरेल काय?

पाली, तत्त्वज्ञान किंवा बौद्ध अध्ययन हे विषय घेऊन पुढे करायचे काय, असा प्रश्न दरवर्षी बारावीच्या निकालानंतर आम्हां शिक्षकांना विचारला जातो. विचारणारे बहुधा पालक असतात आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. ज्या घरात पहिलाच पदवीधर होऊ घातला आहे, ज्या आईवडिलांनी ऊसतोडीला जाताना आपले लेकरू या वसतिगृहाच्या हवाली केले, त्यांनी विद्येचा हिशेब भाकरीशी लावला तर त्यात गैर काय? ज्ञानासाठी ज्ञान हे सुभाषित त्यांना ऐकवण्याचा अधिकार आमच्यासारख्या पगारदारांना नाही. म्हणून आधी भाकरीचाच हिशेब मांडू.

सर्वांच्या परिचयाची वाट अध्यापनाची. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत (नेट) पाली, तत्त्वज्ञान आणि बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन असे स्वतंत्र विषय आहेत. पुणे, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पालीचे उच्च शिक्षण मिळते; नालंदेस भिक्षू जगदीश काश्यपांनी उभारलेले नव नालंदा महाविहार आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ची वर्षे निभावतात. त्यानंतर मात्र तासिका तत्त्वावरचे अनिश्चित जिणे अनेकांच्या वाट्याला येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु दर्जा मिळाला म्हणून पदे आपोआप भरली जात नाहीत. पालीत नोकऱ्याच नोकऱ्या आहेत असे जे सभांतून सांगतात, ते मुलांची दिशाभूल करतात.

प्रशासकीय सेवेकडे डोळे लावून बसलेल्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ साली पाली हा वैकल्पिक विषय वगळला. तत्त्वज्ञान मात्र कायम आहे. त्या अभ्यासक्रमात बौद्ध दर्शन आहे, धर्माचे तत्त्वज्ञान आहे, आणि जातिभेदाच्या प्रश्नावर गांधी व आंबेडकर यांचे विचारही आहेत. ज्याने येथे दररोज सायंवंदनेनंतर चर्चा ऐकली, त्याला हा विषय परका वाटणार नाही.

आम्हांस सर्वाधिक आशा वाटते ती पुरातत्त्वाच्या वाटेची. कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरी, नाशिक येथील लेण्यांचे शिलालेख ब्राह्मी लिपीत असून बहुतेकांची भाषा प्राकृत, म्हणजे पालीची सख्खी बहीण आहे. पाली येणाऱ्या मुलाने लिपी आत्मसात केली की तो दगड त्याच्याशी बोलू लागतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुताराचे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गंधिकाचे दान कोरलेले आहे; ही आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांची नावे आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पदव्युत्तर पदविकेस पाली-प्राकृतासारख्या अभिजात भाषांचे पदव्युत्तर विद्यार्थीही पात्र धरले जातात. अजिंठ्यास थायलंड, श्रीलंका, जपान येथून उपासक येतात. छद्दंत आणि महाजनक जातकांची चित्रे त्यांना समजावून सांगणारा वाटाड्या आपला विद्यार्थी का असू नये? दर पौर्णिमेला विहारात वंदना घेणारा आपला समाज लेण्यांत गेल्यावर माहितीफलकापाशी मुका होतो, ही खंत आम्ही अनेक वर्षे बाळगून आहोत.

अनुवाद, ग्रंथपालन, हस्तलिखितांचे संगणकीकरण, समुपदेशन, कायदा याही वाटा आहेत. मात्र नुसत्या पालीवर विसंबू नये. सोबत हाताला दुसरे एक काम असावे.

येथवरचा हिशेब प्रामाणिक असेल, तर निष्कर्ष असा निघतो की ही विद्या पोट भरू शकते, पण उशिरा. मधली तीन-चार वर्षे कोणी सांभाळायची, हा खरा प्रश्न आहे. शासनाकडून अपेक्षा जरूर ठेवावी. परंतु अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास हेच विषय वगळण्यात आले, हेही विसरू नये. आमच्या मते हा भार गरीब आईवडिलांवर टाकणे अन्याय्य आहे. तो संघाने, म्हणजे आपण सर्वांनी, उचलावा.

यात नवे काही नाही. धर्मानंद कोसंबींना सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये दिले. अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली कोलंबियास पाठवणारी शिष्यवृत्तीही त्याच बडोद्याची. त्याहून मागे जायचे तर नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल अक्षय राहावे आणि व्याजातून भिक्षूंची चीवरे व्हावीत, अशी त्याची योजना. तिला लेखात अक्षयनीवी म्हटले आहे.

आमची सूचना लहान आहे. नोकरीस लागलेल्या ४० माजी विद्यार्थ्यांनी दरमहा ५०० रुपये दिले, तर २०,००० रुपये होतात. दोन विद्यार्थ्यांचा शहरातील खोली-खानावळीचा खर्च त्यात भागेल. निवड करताना गुणांबरोबर घरची परिस्थिती पाहावी आणि मुलींना प्राधान्य द्यावे, कारण असा विषय मागणाऱ्या मुलीचे लग्नच आधी ठरवले जाते. कोसंबींप्रमाणे एक अटही असावी: दर उन्हाळ्यात पंधरा दिवस येथे येऊन धाकट्या भावंडांना ब्राह्मी शिकवायची. नावे नोंदवण्याची वही कार्यालयात ठेवली आहे. पहिल्या पानावर आम्ही शिक्षकांनी आपली नावे लिहिली आहेत.