तसबिरी उतरवण्याआधी

तालमीची जुनी भिंत पाडायच्या आदल्या दिवशी तिच्यावरच्या तसबिरी कोण उतरवतं आणि उतरवून ठेवतं कुठं? गेल्या पावसाळ्याआधी कराड भागातल्या एका तालमीत हे डोळ्यांनी पाहिलं. हौद्यावरचे पत्रे निघाले होते, लाल माती एका कडेला ओढली होती आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात दहा-बारा फ्रेमा उभ्या खोचून ठेवल्या होत्या. त्यातली एक ओढून काढली. काच तडकलेली, मागच्या पुठ्ठ्याची कसरीनं चाळण केलेली. आत एक मल्ल. लंगोट, डोक्याला फेटा, खांद्यावर गदा, पायाशी ढाल, मागे स्टुडिओचा महिरपीचा पडदा. फोटो मुळात काळा-पांढरा, पण फेट्याचा गुलाबी आणि लंगोटाचा तांबडा कुणीतरी बारीक ब्रशनं हातानं भरलेला. गालावरची कातडी त्यानं गुळगुळीत केली होती. मोडलेले कान मात्र जसेच्या तसे सोडले होते. कान झाकले तर पैलवान ओळखायचा कसा, एवढं त्या रंगाऱ्याला कळत होतं. खालची नावाची चिठ्ठी तेवढी कसरीनं खाल्ली होती.

ही आपली क्रीडाकला. तिला हे नाव कुणी दिलं नाही, म्हणून ती रद्दीच्या भावानं जाते.

जगानं दिलं होतं. 1912 पासून 1948 पर्यंत ऑलिंपिकमध्ये चित्र, शिल्प, साहित्य, संगीत आणि वास्तुकलेलाही पदकं मिळत. मुख्य अट, विषय खेळाचा हवा. यातली शेवटची स्पर्धा 1948 साली लंडनला झाली आणि तिचं प्रदर्शन व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भरलं. त्याच लंडनला त्याच उन्हाळ्यात गोळेश्वरचे खाशाबा जाधव आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक, आणि दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावं लागलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीची कथा प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण तिचं एखादं चित्र आपल्या मुलांना कुठं दाखवायचं म्हटलं तर पंचाईत होते.

अशी चित्रं जपायची तर म्युझियम हवं, आणि म्युझियम म्हटलं की लोक मुंबई-पुण्याकडे बघतात. पुण्यात क्रिकेटचं म्युझियम झालंही. पण हा नाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत, साऱ्या संस्थानाला घालायला लावत आणि स्वतः कुंचलाही धरत. 1938 साली त्यांनी औंधच्या डोंगरावर श्री भवानी म्युझियम उभं केलं. कमावलेलं शरीर आणि काढलेलं चित्र या दोन गोष्टी त्या माणसाला वेगळ्या वाटल्याच नाहीत. इकडे सांगलीच्या बाजूला कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून सोनं आणलं. एवढी माणसं या मातीतून उठली, त्यांच्या तसबिरी मात्र मारुतीच्या मूर्तीशेजारी उदबत्तीच्या धुरानं काळ्या पडताहेत.

आणि जत्रेची कुस्तीची पोस्टरं? वर 'जंगी मैदान', मधोमध जोडीचे गोल फोटो, नावापुढे गाव आणि तालीम, खाली इनामाचा आकडा. छापखान्यातली ती दोन रंगांतली पोस्टरं जपली असती, तर कुणाची कुस्ती कुणाशी कुठं लागली याचं दप्तरच तयार झालं असतं. आता फ्लेक्स लागतो. मल्ल कोपऱ्यात असतो आणि शुभेच्छुकांचे चेहरे मोठे.

मलकापूरकरांनो, म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमचं गाव महामार्गावर, कराडला चिकटून, आणि गोळेश्वर जवळच. चोवीस तास मीटरनं पाणी देऊन दाखवलेल्या गावाला दोन कोरड्या खोल्या आणि चार काचेची कपाटं जड नाहीत. नगरपरिषदेनं जागा द्यावी, बाकीचं तालमींनी आणि घराघरांनी बघावं. सरकारी क्रीडासंकुलाची वाट बघत बसू नका. खाशाबांच्या घरच्यांना 2017 साली पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली, ती अशाच वाट बघण्यापायी.

जागा मिळेपर्यंतही काम थांबत नाही. भिंतीवरची तसबीर उतरवण्याआधी मोबाईलवर तिचा फोटो घ्या, शेजारी कोणती होती तेही दिसू द्या. ओलं फडकं लावू नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका. फाटलं असेल तर चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. मागे पेन्सिलीनं नाव, गाव, वस्ताद आणि कुणी सांगितलं ते लिहा. द्यायची नसेल तर देऊ नका. स्कॅन करू द्या आणि मूळ घरीच ठेवा. पण सांगणारी म्हातारी माणसं पारावर आहेत तोवर त्यांना या तसबिरी दाखवा.

त्या पोत्यातला फेटेवाला सध्या माझ्या कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. उजव्या भुवईवर खोक आहे आणि ढालीवर पुसट अक्षरात 'कराड' एवढंच वाचता येतं. या रविवारी सकाळी मी तो घेऊन मलकापुरातल्या पारांवर फिरणार आहे. कुणी ओळखत असेल तर थांबवा.