बिचारी हवा!

"आपल्याकडच्या हवेत चांगली अकूस्टिक गिटार बनूच शकत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग यायला लागलाय. दुकानदार म्हणतो, वाजवणारे म्हणतात, आणि सर्वात वाईट म्हणजे काही बनवणारेही म्हणतात. मीरा-भाईंदर म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. इथे लाकूड तडकणारच, असा एकूण सूर. तडा गेला की हवेवर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. दोष हवेचा नाही, न मोजण्याचा आहे.

मुळात दमट हवेने लाकूड तडकत नाही, फुगतं. पावसाळ्यात टॉपला पोट येतं, तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात, आवाज बसतो. हे सगळं त्रासदायक, पण तडा नव्हे. तडा जातो तो लाकूड सुकताना. म्हणजे इथे जुलैत बनवलेली गिटार जुलैत छान दिसते आणि जानेवारीत तडकते. हिवाळ्यात जमिनीकडून वारे सुटले की आपल्याकडेही दुपारची आर्द्रता तिशीत येते. गिटार पुण्याला किंवा नागपूरला गेली तर बघायलाच नको.

जरा हिशोब करू (शेवटी धंदा तोच ना आपला). लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र चांगलंच हलतं. ८०% आर्द्रतेत ठेवलेल्या लाकडात वजनाच्या साधारण १६% पाणी मुरतं, ३५% मध्ये साधारण ७%. पाण्यातल्या दर एक टक्का फरकाला स्प्रूसची फळी रुंदीत साधारण ०.१५% बदलते. गिटारचा टॉप सर्वात रुंद जागी ४० सेंटीमीटर धरा. उत्तर येतं पाच मिलिमीटरच्या वर! आता या टॉपच्या आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या आपल्या लांबीत हलत नाहीत. टॉपला पाच मिलिमीटर आक्रसायचंय आणि पट्टी सोडत नाही. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. फाटेल नाही तर काय होईल?

म्हणजे प्रश्न वर्षभराच्या हवेचा नाहीच. पट्ट्या चिकटवल्या त्या दिवशी लाकडात किती पाणी होतं, एवढाच आहे. मार्टिन आणि टेलर या कंपन्या ४५ ते ५५% आर्द्रता सांगतात ती यासाठीच. मधोमध बनवलं की दोन्हीकडे सरकायला जागा राहते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "एसी आहे की!" एसी तापमानावर चालतो, आर्द्रतेवर नाही. पावसाळ्यात खोली थोडी गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो आणि ओल तशीच राहते. रात्री बंद केला की बाहेरची हवा परत आत. दिवसातून एकदा लाकूड सुकवायचं, एकदा भिजवायचं, याला कंट्रोल म्हणत नाहीत. डिह्युमिडिफायर आर्द्रता बघून चालू-बंद होतो. फीडबॅक लूप म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. अख्खा गाळा कोरडा करायचीही गरज नाही. एक लहान, दारं-खिडक्या नीट बंद होणारी खोली पुरते, फक्त चिकटवण्याचं काम तिथेच करायचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "मिरजेत पिढ्यान् पिढ्या सतारी बनतात, तिथे कुठे यंत्रं होती?" बरोबर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मिरज घाटावर आहे, खाडीवर नाही. सतारीची तबली फुगीर कोरलेली असते, तिला हलायला वाव असतो. आणि तिथे भोपळा असो की तूणचं लाकूड, आधी नीट वाळू देतात, मग हात लावतात. म्हणजे यंत्र नसलं तरी शिस्त आहेच. आपल्याला मिरजेचं नाव घ्यायचंय, थांबायचं मात्र नाहीये.

आणि इथे आपण गिऱ्हाईकंही धुतल्या तांदळाची नाही. "गणपतीच्या आधी पाहिजे" असं आपणच सांगतो. म्हणजे ऐन पावसात चिकटवा! वर पाच हजार कमी करा. मग जानेवारीत तडा गेला की आपणच "लोकल माल" म्हणून नाक मुरडतो आणि पुढची गिटार इम्पोर्टेड घेतो. यात मरतो तो भाईंदर पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात प्रामाणिकपणे मोजून काम करणारा पुढचा कारागीर. एकाच्या आळसाची किंमत दुसरा भरतो.

मोजणं महाग आहे, असंही नाही. डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो खरं बोलतो का हे बघायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलसर करा (विरघळवायचं नाही), आणि मीटरबरोबर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. ७५% दाखवायला हवं, नसेल तर फरक लिहून ठेवा. मिठागरांच्या गावात मिठाने मीटर तपासायचा, यापेक्षा देशी उपाय कोणता! टॉपची फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. वजन बदलायचं थांबलं की फळी खोलीच्या हवेशी जुळली. तोपर्यंत डिंकाची बाटली उघडू नका.

तेव्हा पुढच्या वेळी गिटार बनवून घ्याल तेव्हा लाकूड कुठल्या देशाचं, हे नंतर विचारा. आधी विचारा, "पट्ट्या चिकटवल्या तेव्हा मीटर किती दाखवत होता?" आकडा सांगितला तर थोडे पैसे जास्त द्या आणि गणपतीनंतर या. "हवाच खराब हो इथली" असं उत्तर आलं, तर नमस्कार करून निघा.

असो. बघा पटतंय का.