डिझेल कमी जळालं, तो दिवस तोट्याचा

पिकअप घ्यायला गेलेला माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो तो ॲव्हरेजचा. पासिंग किती, डाला किती फुटी, हप्ता किती बसेल, हे सगळं त्यानंतर. विक्रेताही तयारीतच असतो. पत्रकातला आकडा तो छातीठोकपणे सांगतो आणि वर 'हायवेला तर याहून जास्त देते' अशी पुस्ती जोडतो. घोडबंदर रोडवर पोट भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही आणि त्याचं उत्तर तर त्याहूनही नाही, असं माझं मत आहे. ते मत हिशेबासकट मांडतो.

आधी ही गाडी कोण चालवतं ते पाहू. माणकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळ या भिवंडीच्या पट्ट्यातल्या गोदामांतून सकाळी माल भरायचा, कशेळी-बाळकुममार्गे कापूरबावडीला यायचं आणि तिथून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशा टॉवरांच्या रांगेत तो उतरवत जायचं. टाइल्स, प्लायवूड, फ्रिज, गाद्या, पाण्याचे जार, घर बदलणाऱ्यांचं सामान. कल्याणच्या बाजार समितीतून भाजी आणि डोंबिवली एमआयडीसीतून सुटे भाग उचलणारेही हेच. टाटा एस 2005 साली आली आणि तिचं 'छोटा हाथी' झालं, तेव्हापासून तीनचाकी टेम्पोची सद्दी संपत गेली. माल जड झाला की लोक बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त यांच्याकडे वळतात. टॉवरच्या पार्किंगमध्ये एखादी हायलक्स किंवा व्ही-क्रॉस पावसाळी सहलीची वाट पाहत उभी दिसते. तिच्या मालकाला ॲव्हरेजची चिंता नसते, म्हणून तिला इथेच सोडू.

या धंद्यात शिरायला अडचणी कमी आहेत, हे कायद्यानेच करून ठेवलं आहे. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार परमिट लागत नाही. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सप्टेंबर 2025 मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. वित्त कंपन्या तर दारात उभ्याच असतात. म्हणजे थोडं मार्जिन भरलं की पिवळ्या पाटीचा मालक होता येतं. मालक राहणं ही वेगळी गोष्ट.

आता तो ॲव्हरेजचा आकडा. तो खोटा नसतो, पण तो घोडबंदरचा नसतो. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीची चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. आपल्याकडच्या भारतीय चालनचक्रात ती 1,180 सेकंदांत साधारण साडेदहा किलोमीटर 'धावते'. त्यात शहरी तुकड्याचा सरासरी वेग ताशी 19 किलोमीटरच्या आसपास येतो आणि शेवटच्या तुकड्यात गाडी 90 पर्यंत जाते. आणखी एक बाब फार कमी खरेदीदारांना ठाऊक असते. चाचणीत धरलेलं वजन म्हणजे गाडीचं रिकामं वजन अधिक 150 किलो. म्हणजे चालक, त्याचा सोबती आणि जेवणाचा डबा. सव्वा-दीड टन माल वाहण्यासाठी जी गाडी जन्माला आली, तिचा ॲव्हरेज जवळजवळ रिकाम्या डाल्यावर मोजला जातो.

एप्रिल 2023 पासून बीएस-6 चा दुसरा टप्पा आला आणि धुराची परीक्षा खऱ्या रस्त्यावर, गाडीला यंत्र जोडून व्हायला लागली. ॲव्हरेज मात्र अजून चाचणीगृहातच आहे. बारा टनांवरच्या ट्रकांसाठी 2017 मध्ये इंधनवापराचे निकष आले, तेही ताशी 40 आणि 60 किलोमीटर अशा एकसारख्या वेगावर. मानपाड्याच्या पुलाखाली एकसारखा वेग फक्त शून्याचा असतो.

हे आपल्याच देशात घडतं असं नाही. अमेरिकेत साडेआठ हजार पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे 3,850 किलोंवरच्या पिकअपना इंधनाच्या सरकारी लेबलमधून सूट आहे. साडेसहा-पावणेसात लिटरच्या डिझेल इंजिनांच्या त्या प्रचंड गाड्या खिडकीवर मायलेजचा आकडा न चिकटवताच विकल्या जातात. त्यामुळे तिथले मालक वर्षानुवर्षं पंपाच्या पावत्या जपून आपला आपण हिशेब ठेवतात. आपल्याकडे छापील आकडा असतो, म्हणून कोणी वही ठेवत नाही. यातला जास्त नाडला जाणारा कोण, हे सांगायला नको.

आता रस्त्याकडे येऊ. कापूरबावडी ते अहमदाबाद महामार्ग हा पट्टा जेमतेम 20 किलोमीटरचा. त्यावर उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, दोन्ही बाजूंच्या टॉवरांतल्या मोटारी, मेट्रो 4 आणि 4अ च्या कामाने वर्षानुवर्षं अडवलेल्या मार्गिका, सेवा रस्ता मुख्य रस्त्यात मिसळण्यासाठी चाललेली खोदाखोदी आणि टोकाला गायमुखचा घाट. घाट चढायला फार नाही, पण तिथे रस्त्याची चाळण झाली की मागे ओवळ्यापर्यंत रांग लागते. 2025 मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले ते याच कारणाने.

या रांगेत डिझेल कसं जळतं? अडीच लिटरचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर जातं. रांगत जाताना, पहिला-दुसरा गिअर आणि अर्ध्या क्लचवर, त्याहून बरंच जास्त. भरलेली गाडी दर दहा मीटरला जागेवरून हलवायची म्हणजे तीन टन वजन पुन्हा पुन्हा ढकलायचं आणि मिळालेला वेग लगेच ब्रेकमध्ये घालवायचा. माझ्या माहितीतले चालक भरल्या गाडीला, गर्दीच्या वेळी, लिटरला दहा-अकरा सांगतात. रात्री त्याच रस्त्यावर तीच गाडी चौदा देते. क्लच प्लेटचा खर्च तर ॲव्हरेजमध्ये कोणी धरतच नाही.

बीएस-6 गाड्यांची यात आणखी एक गोम आहे. धुरातली काजळी गाळणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून, धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती काजळी जाळते. त्यासाठी गाडी काही मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घोडबंदरला ते काम सुरू होतं आणि पुढच्या सिग्नलला अर्धवट राहतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा राहतं. डिझेल गेलं, किलोमीटर झाला नाही, काजळी तशीच. काही वेळा न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. मग दिवा लागतो, गाडीची ताकद पडते आणि दिवस गॅरेजात जातो. काही मेकॅनिक जाळीच काढून टाकायचा सल्ला देतात. ते बेकायदा आहे, आणि ती काजळी पाठीमागच्या रिक्षावाल्याच्या छातीत जाते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी नाशिक महामार्गावर पडघ्यापर्यंत एका लयीत पळवून आणावी. दोन-तीनशे रुपयांचं डिझेल जाईल, पण कामाचा दिवस वाचेल.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी प्रश्न ॲव्हरेजचाच. थांबा. एक ढोबळ हिशेब करू. डिझेल 90 रुपये लिटर धरा. (जुलै 2024 मध्ये राज्याने मुंबई-ठाणे-नवी मुंबईतला डिझेलवरचा व्हॅट 24 वरून 21 टक्के केला, तेवढी आपल्याकडे सोय झाली.) गोदाम ते घोडबंदर आणि परत, एक फेरी 40 किलोमीटरची. सात लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दरमहा हप्ता सुमारे 15 हजार. विमा वेगळा. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमाच वर्षाला 16,049 रुपये. हप्ता आणि विमा मिळून, चाक न हलवता, कामाच्या दिवसाला सातशे रुपये उभे राहतात.

चांगला दिवस: तीन फेऱ्या, 120 किलोमीटर, ॲव्हरेज 14. डिझेल साडेआठ लिटरच्या वर, 771 रुपये. वाईट दिवस: दोनच फेऱ्या झाल्या, 80 किलोमीटर, ॲव्हरेज साडेदहा. डिझेल 7.6 लिटर, 686 रुपये.

पाहिलंत? ॲव्हरेज चौदावरून साडेदहावर कोसळला, तरी त्या दिवसाचं डिझेलचं बिल 85 रुपयांनी कमी आलं. फेरीमागे डिझेल 257 वरून 343 वर गेलं, ते 86 रुपये लागले हे खरं. पण सातशे रुपयांचा उभा खर्च तीनऐवजी दोन फेऱ्यांवर पडला, तिथे फेरीमागे 117 रुपये गेले. आणि तिसऱ्या फेरीचं भाडं तर आलंच नाही. पंपावर माणूस खूश, महिनाअखेर हप्त्याला पैसे कमी. हप्ता तारखेने चालतो, डिझेल किलोमीटरने जळतं आणि कमाई फेरीने होते. यातल्या मधल्याच गोष्टीची चौकशी करून आपण पाच वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो.

ही तिसरी फेरी भरून काढायला मग जो मार्ग शोधला जातो, तो सगळ्यांना ठाऊक आहे. तीन फेऱ्यांचा माल दोन फेऱ्यांत. दीड टन पासिंगच्या डाल्यात अडीच टन टाइल्स. 2019 च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा केला. एकदा पकडलं गेलं की महिन्याभराची मेहनत गेली. नाही पकडलं गेलं तर पाटे आणि टायर हळूहळू वसूल करतात. पाट्याला एक जास्तीचं पान घालून आणलेली गाडी मला कधीच शहाणपणाची वाटली नाही. ब्रेक तेच राहतात.

या सगळ्यात वाहतुकीच्या धोरणाचाही हात आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. घोडबंदरवर अवजड वाहनांना दिवसा बंदी असते. बंदीच्या वेळा बदलत राहतात, पण रहिवाशांची मागणी रास्तच आहे. शाळेच्या बसशेजारून कंटेनर जाऊ नये. मात्र बंदी गाडीवर घातली जाते, मालावर नाही. माल दिवसा लागतोच. मग दहा टनांचा एक ट्रक भिवंडीत थांबतो आणि त्याचा माल सात-आठ पिकअपमध्ये वाटला जातो. ट्रकने लिटरला पाच दिले तरी तो दहा टन माल पाच किलोमीटर नेतो. पिकअपने बारा दिले तरी सव्वा-दीड टन बारा किलोमीटर. टनामागे हिशेब केला तर पिकअप जवळपास तिप्पट डिझेल जाळते. रस्त्यावर जागाही जास्त अडवते. म्हणजे एका ट्रकऐवजी रांगेत सात गाड्या, सात चालक आणि सात हप्ते. रात्री माल उतरवून घेणारी सोसायटी आणि बांधकामाची जागा मिळाली तर यातल्या किती फेऱ्या वाचतील! पण सोसायटीच्या फाटकावर पाटी असते, 'मालवाहू टेम्पोंना प्रवेश सकाळी 10 ते संध्याकाळी 6'. नेमकी गर्दीची वेळ.

सीएनजीचं काय, असं विचारणारे असतात. घोडबंदरच्या रांगत्या वाहतुकीसाठी सीएनजी पिकअप बरी आहे. डीपीएफची कटकट नाही, किलोमीटरमागे खर्च कमी. पण टाकीमुळे वजन वाढतं, आणि पंपावरची रांग तुमच्या फेरीतूनच वजा होते. नोव्हेंबर 2025 मध्ये मुख्य वायुवाहिनीचं नुकसान होऊन मुंबई-ठाण्याचा सीएनजी पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा कित्येक गाड्या रांगेतच उभ्या राहिल्या. दिवसाला ठरावीक साठ-सत्तर किलोमीटर आणि हलका माल असेल तर विजेवरची छोटी गाडी पाहावी. उभं राहिल्यावर ती जवळजवळ काहीच जाळत नाही, आणि या रस्त्यावर उभं राहणं हाच मोठा भाग आहे. जड माल आणि लांबची भाडी, नाशिक किंवा पालघर, असतील तर डिझेलला अजून पर्याय नाही. डोंबिवलीकडचं काम असेल तर मोठागाव-माणकोली पुलाने भिवंडीचा वळसा बराच वाचवला आहे. माझ्या मते नवा माणूस असेल तर त्याने धंदा त्या बाजूला बसवावा.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे एक मागणी मात्र करायलाच हवी. मालवाहू गाडीचा ॲव्हरेज पूर्ण पासिंगच्या वजनावर, शहरी चक्रात मोजून, पत्रकात तितक्याच मोठ्या अक्षरात छापणं कंपन्यांना बंधनकारक करा. कारच्या गिऱ्हाइकापेक्षा या आकड्यावर ज्याचं घर चालतं, त्याला तो आधी मिळायला हवा.

तोवर, पिकअप घ्यायला निघाला असाल तर विक्रेत्याला इतकंच सांगा: चाचणी फेरी सकाळी नऊला, डाल्यात टनभर माल टाकून, कापूरबावडी ते गायमुख. टाकी आधी फुल, नंतर फुल. आणि घड्याळ बघून किती वेळ लागला, तेही लिहून घ्या.