छापलेल्या टायटॅनियमला भट्टी हवीच

तंजावरच्या बीरंगी मेडू या उंचवट्यावर सतराव्या शतकातली, तिथले राजे रघुनाथ नायक यांच्या काळातली लोखंडी तोफ आहे. सुमारे २५ फूट लांबीची ही तोफ ओतीव नाही. लोखंडी पट्ट्या आणि त्यांवर चढवलेली कडी तापवून, ठोकून एकजीव केली आहेत. जोडत जोडत उभारलेल्या धातूचे बळ त्याला दिलेल्या उष्णतेवर ठरते. टायटॅनियमचे थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्यांनीही हे मनावर घ्यायला हवे.

कृत्रिम सांध्यांत आणि विमानांत ६ टक्के अॅल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियम मिश्रधातू सर्रास वापरतात. लेझर त्याची पूड थराथराने वितळवतो आणि प्रत्येक थर क्षणार्धात गोठतो. या घाईत धातूत सुईसारखी बारीक रचना तयार होते; तिला मार्टेन्साइट म्हणतात. ताणशक्ती ११०० मेगापास्कलच्या वर जाते, पण तुटण्याआधी धातू फारसा लांबत नाही. शिवाय आत अडकलेल्या ताणांमुळे भाग वाकतो, कधी तडकतो.

सुमारे ८०० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवल्यावर त्या सुयांच्या जागी अल्फा आणि बीटा या टायटॅनियमच्या दोन स्फटिकरूपांचे बारीक पदर येतात. ताणशक्ती थोडी उतरते, तुटण्याआधी लांबण्याची क्षमता वाढते, आतला ताण सुटतो. हा सौदा फायद्याचाच आहे. मात्र तापमान ९९५ अंशांच्या आसपासची बीटा सीमा (जिच्यापुढे सगळा धातू बीटा रूपात जातो) ओलांडून गेले, तर कण जाड होऊन कमावलेले हातचे जाते. भट्टी निर्वात किंवा आर्गॉनची हवी. नाहीतर तापलेले टायटॅनियम ऑक्सिजन शोषून वरून ठिसूळ होते. आतली सूक्ष्म छिद्रे मिटवायला सुमारे ९२० अंशांसोबत हजारेक वातावरणांचा दाबही लागतो. ती मिटवायलाच हवीत, कारण खुब्याच्या सांध्यावर रोज हजारो पावलांचा भार पडतो आणि अशा भारात तडा बहुधा छिद्रापासून किंवा खडबडीत पृष्ठभागापासूनच सुरू होतो.

म्हणून महाविद्यालये आणि कारखान्यांनी प्रिंटरच्या प्रस्तावातच निर्वात भट्टीचा आणि चाचण्यांचा खर्च धरावा. रुग्णालयांनी सांधा विकत घेताना तापमान, वेळ, वातावरण आणि थंड होण्याचा वेग यांची लेखी नोंद मागावी; ताणशक्तीच्या एकट्या आकड्यावर समाधान मानू नये. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा रुग्ण हे प्रश्न विचारू शकत नाही. ते विचारणे खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याचे कर्तव्य आहे.