आजीच्या ओव्या आणि प्रीअँप

आजीच्या जात्यावरच्या ओव्या घरीच मुद्रित करून ठेवायच्या आहेत ना? मग दुकानात जाण्यापूर्वी आपला मायक्रोफोन पाहावा. त्यातून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह वाढवणे, एवढेच प्रीअँपचे काम. कंडेन्सर असेल तर 48 व्होल्ट देणारा साधा प्रीअँप पुरे. शुअर एसएम7बीसारख्या डायनॅमिकला मात्र 60 डेसिबलची वाढ लागते. तेवढी मिळते का, हे विचारूनच पैसे मोजावेत. खरखरीचा मात्र फार बाऊ नको! 150 ओमच्या मायक्रोफोनची अंगचीच खरखर सुमारे उणे 131 डीबीयू. तिच्याखाली महागडे यंत्रही जात नाही. बेताच्या किमतीची चांगली यंत्रे उणे 128 पर्यंत पोचतातच. डोक्यावरचा पंखा याहून कितीतरी अधिक घरघरतो. तो बंद करावा, आजीला माइकपासून वीतभर अंतरावर बसवावे. आणि हे दिवाळीच्या सुटीतच उरकावे. पुढे थंडीत तिचा दमा बळावतो.