फक्त सव्वातीनचा रनरेट!

प्रत्येक ऑफिसात असा एक प्राणी असतोच. मॅचच्या आदल्या दिवशी कॉफी मशीनपाशी उभा राहून एकदम कॉन्फिडंटली सांगतो, "उद्या आपणच जिंकणार, बॉस!" टीम कितीही मार खात असली तरी! बाकीचे हसतात, कप भरतात आणि आपापल्या डेस्ककडे निघतात.

आमच्या मुंबईतल्या ग्रुपमधला तो प्राणी म्हणजे मी. आणि माझी टीम इंडिया नाही, मँचेस्टर युनायटेड नाही. माझी टीम आहे विदर्भाची रणजी टीम!

त्यातून मी बुलढाण्याची. म्हणजे विदर्भाच्या पार पश्चिम टोकाची. मुंबईकर विचारतात, "बुलढाणा म्हणजे नागपूरजवळ ना?" आणि नागपूरकर विचारतात, "ते खानदेशात येतं ना?" आमच्या शहराला रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायला मलकापूर गाठावं लागतं. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी तर इंग्रजांच्या काळापासूनची. तेव्हा आशेवर जगण्याची प्रॅक्टिस आम्हाला घरातूनच मिळते, काय!

विदर्भाच्या फॅनलाही ती लागलीच. 1957-58 मध्ये टीम रणजीत उतरली आणि पहिली फायनल खेळली ती थेट 2017-18 च्या मोसमात. साठ वर्षं! पण ती फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध, नऊ विकेट्सनी जिंकली. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक. पुढच्या वर्षी पुन्हा चॅम्पियन. मग काय, आमच्यासारख्यांची कॉलर टाइट!

आता मुद्द्यावर येते. मार्च 2024, वानखेडे, फायनल. समोर मुंबई, जिच्या खात्यात आधीच 41 रणजी करंडक. पहिल्या डावात आम्ही 105 वर ऑल आउट. मग जिंकायला टार्गेट किती? 538!

रणजीच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा यशस्वी पाठलाग होता 378 चा. रेल्वेने तो त्याच फेब्रुवारीत त्रिपुराविरुद्ध केला होता. नॉर्मल माणूस यावरून म्हणेल, विषय संपला. फॅन काय म्हणतो माहितीये? "रेकॉर्ड गेल्याच महिन्यात मोडलाय, म्हणजे सध्या रेकॉर्ड मोडायचा सीझन आहे!"

बुधवारी संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा विदर्भ 5 बाद 248. वाडकर 56 वर नाबाद, सोबत हर्ष दुबे. शेवटच्या दिवशी हवे होते 290 रन्स, ओव्हर्स 90. मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केला. ओव्हरला जेमतेम सव्वातीन! वन-डेत एवढ्या रनरेटवर लोक झोपा काढतात. ग्रुपवर टाकलं. दादरच्या मित्राचा लगेच रिप्लाय, "अगं, विकेट्स पण मोजतात क्रिकेटमध्ये!" लागली मग मिसळीची पैज.

रात्री पप्पांना फोन केला. म्हटलं, काय वाटतं? ते शांतपणे म्हणाले, "पाच गडी हायेत ना अजून? मंग कायचं टेन्शन?"

तुम्ही म्हणाल, हा निव्वळ वेडेपणा. पण बघा ना, गुरुवार सकाळ. लंचपर्यंत विदर्भाची एकही विकेट पडली नाही. 5 बाद 333! कामाचा दिवस, आणि मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात स्कोअर रिफ्रेश करतेय. दादरकर गप्प. एरवी मिनिटाला एक स्मायली टाकणारा माणूस दोन तास ऑफलाइन! वाडकरचं शतक झालं. मग तो 102 वर गेला, दुबे 65 वर, आणि शेवटच्या पाच विकेट्स 15 रन्समध्ये. 368 ऑल आउट. मुंबई 169 रन्सनी जिंकली, करंडक नंबर 42. मिसळ मी खिलवली, एक्स्ट्रा पावासकट.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. फेब्रुवारी 2025 मध्ये नागपुरात सेमी-फायनलला याच मुंबईला आम्ही 80 रन्सनी हरवलं. फायनलला केरळविरुद्ध मॅच ड्रॉ झाली, पहिल्या डावातल्या 37 रन्सच्या लीडवर तिसरा करंडक आला. आणि तो हर्ष दुबे? त्या एका मोसमात 69 विकेट्स, रणजीचा नवा विक्रम!

त्या विजयानंतर सगळेच विदर्भवाले झाले. ज्यांना अकोला आणि अमरावती यातला फरक कळत नाही, तेही "आपली टीम" म्हणायला लागले. येऊ दे, स्वागत आहे. पण खरं सांगू? मला जास्त आठवते ती 2024 ची बुधवारची रात्र. कारण मॅच सुरू झाली की ती खेळणाऱ्यांची असते, निकाल लागला की पेपरवाल्यांची. आदली रात्र तेवढी फॅनची! त्या रात्री आपल्या माणसांच्या बाजूने उभं राहायला कुठलाही पुरावा लागत नाही.

आणि कधी कधी आमचा हा वेडेपणा बरोबरही निघतो हं. मे 2023 मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपला बुलढाण्याचा 19 वर्षांचा तिरंदाज प्रथमेश जावकर गोल्डसाठी उभा राहिला. समोर नंबर वन माइक श्लोसर. कुठल्याही हुशार माणसाने पैसे कुणावर लावले असते? प्रथमेश जिंकला, 149-148. एका पॉइंटने!

तेव्हा तुमच्या कॉफी मशीनपाशी उद्या कुणी "आपणच जिंकणार" म्हणालं, तर लगेच आकडे काढू नका. आकडे त्यालाही पाठ असतात. तुमच्यापेक्षा जास्तच! फार तर मिसळीची पैज लावा.