धोरणाचे गद्य

मराठी एम.ए.च्या वर्गात ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, हे राज्यसेवेला येतं का?’ या प्रश्नाला हसण्याचा अधिकार आम्हां प्राध्यापकांना नाही. आमच्या वर्गातील पुष्कळ मुलेमुली स्पर्धापरीक्षेची तयारी चालू असताना हाताशी एक पदवी असावी म्हणून आलेली असतात, हे आम्ही जाणतो. घरच्या दोन एकरांवर भागणार नाही हे ज्याला कळून चुकले आहे, त्याला सरकारी नोकरी हीच एक वाट दिसावी यात नवल नाही. आमची तक्रार त्या प्रश्नाविषयी नाही, आम्ही देत आलेल्या उत्तराविषयी आहे. ‘येत नाही, पण गद्यशैलीचा नमुना म्हणून महत्त्वाचे आहे,’ असे आम्ही सांगत आलो.

वस्तुतः १८८३ साली जोतीराव फुल्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला तो शैलीचा नमुना म्हणून नव्हे. शेतसारा, कर्जबाजारीपणा, जमिनीचा घटलेला कस, शेतकऱ्याला न वाचता येणारे कागद आणि त्या कागदांच्या बळावर त्याला नाडणारे कामगार, अशी कारणांची साखळी त्यांनी उलगडली. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे बांधावेत, त्यासाठी सरकारने पदरी असलेल्या फौजेतील व पोलिसांतील माणसे कामाला लावावीत, इथपर्यंत ते गेले. दुखणे कोणते, ते कशामुळे, उपाय काय आणि तो करणार कोण, हे चार प्रश्न ज्या लेखनात आहेत त्याला आज सार्वजनिक धोरणाचा अभ्यास म्हणतात. ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी तर स्वतःच सरकारी न्यायखात्यात नोकरीला होते. अर्वाचीन मराठी गद्याचा मोठा भाग राज्यकारभाराच्या चिकित्सेतून घडला. त्याला ‘निबंधवाङ्मय’ या कप्प्यात घालून त्याची धार बोथट करण्याचे काम आमच्यासारख्या मराठी विभागांनी केले.

पदव्युत्तर शिक्षण आणि लोकसेवा यांचे नाते कसे असावे, याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व वित्तव्यवहारावर त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला आणि पुढे ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर पीएच.डी.चा. परंतु त्याच अभ्यासकाने १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढले आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ग्रंथालयातील इंग्रजी आणि वस्तीतील मराठी यांच्यामध्ये त्यांनी भिंत उभी केली नाही.

आज ती भिंत उभी आहे. सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम देशात वाढत आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने २०१४ साली तो सुरू केला. अशा नामांकित संस्थांचे अध्यापन इंग्रजीत चालते. दुसरीकडे १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीत आला, आणि त्या मराठीत ‘ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ या ठरीव वाक्यामागे धोरणाचे कर्तेच दिसेनासे होतात. म्हणजे विचार एका भाषेत, अंमल दुसरीत. आणि ज्याच्यासाठी हे सारे, तो शेतकरी फुल्यांच्या काळाप्रमाणेच कागद हाती घेऊन कोणाला तरी अर्थ विचारत उभा.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय लोकसेवा आयोगाने २०२२ साली जाहीर केला. पुण्यात विद्यार्थ्यांनी २०२३ साली आंदोलने केली, आणि अंमलबजावणी २०२५पर्यंत पुढे गेली. बहुपर्यायी प्रश्नांवर ज्यांनी ऐन उमेदीची वर्षे खर्ची घातली त्यांना वेळ हवा होता, ही मागणी रास्तच होती. पण त्या मागणीमागची भीती आमच्याही पदरात घातली पाहिजे. पंधरा वर्षे मराठी शिकूनही एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर दोन पाने युक्तिवाद लिहिण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याला आम्ही नेमके काय शिकवले?

म्हणून आमची सूचना साधी आहे. एम.ए.च्या वर्गात ‘असूड’शेजारी पाणीपुरवठ्याचा वा पीकविम्याचा एखादा शासननिर्णय ठेवावा. तो विद्यार्थ्याने वाचावा, आपल्या गावाला समजेल अशा मराठीत पुन्हा लिहावा, आणि त्यात कोण सुटले, खर्च कोणाच्या माथी आला, हे मांडावे. अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना त्या तासाला बोलवावे. इंग्रजी संदर्भग्रंथांवाचून हा अभ्यास पुरा होणार नाही, हे मान्य. पण मराठीवाचून तो सुरूच होत नाही.

असे केल्याने जागा वाढणार नाहीत. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेतून दरवर्षी निवड होते ती हजाराच्या आसपास उमेदवारांची, आणि अर्ज येतात ते लाखांनी. आमचे बहुतेक विद्यार्थी अधिकारी होणार नाहीत. ते सरपंच होतील, पत्रकार होतील, शिक्षक होतील, किंवा शेतीकडे परततील. त्यांनाही कारभाराचा कागद वाचता यावा आणि त्याला कागदानेच उत्तर देता यावे, एवढी जबाबदारी आमची आहे. पुढच्या वर्षी तो प्रश्न येईल तेव्हा ‘येत नाही’ एवढ्यावर आम्ही थांबणार नाही.